पाणी कुठून येतं? : जुन्या फियाटच्या रबरांचा शोध

ताडदेवच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात शेवटच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनीची नोंद २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. त्या हिशेबाने ३० ऑक्टोबर २०२३ पासून शहराच्या रस्त्यावर अधिकृत पद्मिनी टॅक्सी उरली नाही. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांतून बरंच हळवं लेखन आलं. मीटरचा आवाज, छतावरचं कॅरियर, आतल्या बाजूला लावलेलं फुलाफुलांचं कापड, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, सगळ्याची आठवण निघाली. एका गोष्टीविषयी मात्र कुणी लिहिल्याचं माझ्या वाचनात आलं नाही. पावसाळ्यात त्या गाडीत पाय ओले व्हायचे. टॅक्सीवाले पायाखाली वर्तमानपत्र पसरायचे आणि प्रवासीही ते गृहीत धरायचे.

ते पाणी येतं कुठून आणि ते थांबवायचं कसं, एवढाच या लेखाचा विषय आहे. विषय किरकोळ वाटेल. पण खाजगी मालकांकडे राहिलेल्या ज्या पद्मिनी आणि फियाट अजून चालत्या आहेत, त्यांपैकी किती आणखी वीस वर्षं टिकतील हे मुख्यतः या एका प्रश्नावर ठरणार आहे. मी यंत्रशास्त्राचा पदवीधर नाही. जे शिकलो ते गॅरेजांतून, जुन्या दुरुस्ती-पुस्तिकांतून आणि स्वतःच्या गाडीखाली आडवा पडून. माझी गाडी १९७४ची आहे आणि ती जासईत, पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते.

थोडा इतिहास आवश्यक आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या गाड्या बाहेर पडल्या. १९५०च्या दशकात इटलीच्या फियाटशी करार झाला आणि १९५४ मध्ये फियाट ११०० आली. तिच्या गोलसर पाठीवरून लोकांनी तिला ‘डुक्कर फियाट’ म्हटलं. पुढे सिलेक्ट, सुपर सिलेक्ट आणि १९६४ साली डिलाइट अशी रूपं बदलत गेली. फियाटशी करार संपल्यावर काही काळ ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव लागलं. १०८९ घनसेंटिमीटरचं इंजिन आणि मूळ पत्र्याचा घाट मात्र उत्पादन बंद होईपर्यंत, म्हणजे २०००च्या सुमारापर्यंत, जवळपास तोच राहिला. एका गाडीचं रूप इतका काळ टिकलं तर तिचे सुटे भाग मुबलक मिळायला हवेत असं कुणालाही वाटेल. इंजिनाच्या बाबतीत ते खरं आहे. पिस्टन, क्लच प्लेट, पाण्याचा पंप आजही मिळतो. मिळत नाहीत ती रबरं.

फरशी हाच कणा

जुन्या डॉज किंवा जीपला खाली लोखंडी शिडीसारखी चेसिस असते आणि वर पत्र्याचं शरीर बोल्टने बसवलेलं असतं. तिची फरशी सडली तर नवा पत्रा टाकता येतो. गाडीचा भार चेसिसवर असतो. फियाट ११००ची रचना वेगळी आहे. तिला स्वतंत्र चेसिस नाही. फरशी, दरवाजाखालचे पोकळ उंबरे, खांब आणि छत मिळून एकच डबा होतो आणि तोच सगळा भार पेलतो. म्हणून इथे फरशीचा पत्रा म्हणजे पायपुसण्याखालचा साधा पत्रा नव्हे, गाडीचा कणा आहे. उंबरा आतून गंजला की दरवाजा किंचित खाली बसतो. दरवाजा खाली बसला की त्याच्या रबरावरचा दाब एका कोपऱ्यात वाढतो आणि दुसऱ्या कोपऱ्यात फट पडते. त्या फटीतून आणखी पाणी येतं आणि उंबरा आणखी सडतो. एकदा हे चक्र सुरू झालं की इंजिन कितीही उत्तम असो, गाडी भंगारात जाते.

कोकणपट्टीत हे चक्र वेगाने फिरतं. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत, आणि हवेत खाडीचं मीठ. जासईसारख्या गावात मोटार जपणं म्हणजे आधी पाण्याचा विचार करणं.

बांध आणि उघाडी

पनवेलहून उरणकडे जाताना लागणारं हे गाव वाचकांना ऐकून माहीत असेल ते दोन कारणांनी. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील इथले, आणि जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये झालेल्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले, ते आंदोलन इथलं. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या. त्यांत भातशेती होती, मिठागरं होती आणि समुद्राला थोपवून धरलेली खारजमीन होती. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. आता बांधांच्या जागी कंटेनरची आवारं आहेत.

खारजमीन कसली जायची ती दोन गोष्टींच्या बळावर. पहिली म्हणजे बांध. तो भरतीचं खारं पाणी बाहेर ठेवायचा. दुसरी म्हणजे उघाडी. बांधातल्या मोरीला समुद्राच्या बाजूने बसवलेली ही लाकडी झडप. भरतीच्या पाण्याने बाहेरून दाबली की ती आपोआप घट्ट मिटते आणि ओहोटी लागली की शेतात साचलेलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. नुसता बांध घातला आणि उघाडी ठेवली नाही, तर समुद्र आत येणार नाही पण शेत पावसाच्या पाण्यात कुजेल. बांधाला खांड पडली तर एका भरतीत शेत खारं होईल. दोन्हींकडे सारखंच लक्ष द्यावं लागायचं.

मोटारीच्या रबरांविषयी जे जे वाचलं, त्यात मला याहून नेमकं स्पष्टीकरण सापडलेलं नाही. गाडीतही बांध आणि उघाड्या असतात. बहुतेक मालक आणि बरेच मेकॅनिक फक्त बांधाकडे बघतात.

दरवाजाचंच उदाहरण घ्या. काच वर-खाली होते, म्हणून काचेच्या दोन्ही बाजूंना लावलेल्या पट्ट्या पाणी पूर्ण अडवू शकत नाहीत, आणि तशी अपेक्षाही नसते. काचेवरून ओघळलेलं थोडं पाणी दरवाजाच्या पोकळीत उतरणारच. ते जावं म्हणून दरवाजाच्या तळाला भोकं ठेवलेली असतात. ती या गाडीच्या उघाड्या. वर्षानुवर्षांच्या धुळीने ती बुजतात. कधी रंगकाम करताना लांबीखाली झाकली जातात, कधी गंजापासून संरक्षण म्हणून मारलेल्या डांबरी लेपाने भरून जातात. मग पोकळीत साचलेलं पाणी आतल्या पुठ्ठ्याच्या पॅनेलमागून गाडीत उतरतं. पॅनेलमागे मुळात पातळ प्लॅस्टिक चिकटवलेलं असतं. तेही पुठ्ठा बदलताना फेकलं गेलेलं असतं. मालक म्हणतो, बीडिंग खराब आहे. नवी बीडिंग येते, पाणी येतच राहतं. म्हणून रबर विकत घेण्याआधीचं पहिलं काम फुकटचं आहे: दरवाजे आणि उंबरे यांची सगळी भोकं तारेने मोकळी करणं.

कोणतं रबर कशाचं

पाणी, वारा आणि धूळ अडवणाऱ्या रबरांची मी माझ्या गाडीवर मोजणी केली तेव्हा नऊ वेगवेगळे छेद सापडले. छेद म्हणजे पट्टी आडवी कापल्यावर दिसणारा आकार. पुढच्या काचेचं, मागच्या काचेचं, दरवाजाचं, डिकीचं, दरवाजातल्या काचेच्या खाचेचं, काचेच्या तळाशी लागणाऱ्या पट्टीचं, बॉनेटच्या मागच्या कडेचं, पुढच्या दरवाजातल्या तिकोनी काचेचं आणि वायरी जिथून आत येतात तिथल्या चकत्यांचं. यांत सर्वांत त्रासदायक तिकोनी काच. ती स्वतःभोवती फिरते, त्यामुळे तिचं रबर अर्धं बाहेरून आणि अर्धं आतून दाबलं जातं. तिथे दोन आकार एकाच तुकड्यात जोडलेले असतात.

इंजिन आणि गिअरबॉक्समधली ऑइल सील हा वेगळा प्रकार. ती मिळणं सोपं असतं, याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. ऑइल सीलवर तीन आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. हे आकडे जगभर ठरावीक मापांत येतात. ३५, ५२ आणि १० अशी मापं असलेलं सील फियाटचं आहे की शेतीपंपाचं, याने फरक पडत नाही. नागदेवी स्ट्रीटवरचा दुकानदार गाडीचं नावही विचारत नाही. दरवाजाच्या रबराला असं माप नाही. तो आकार कुणीतरी इटलीत एका विशिष्ट पत्र्याच्या कडेसाठी आखला होता. तो दुसऱ्या कुठल्याच वस्तूला लागत नाही. म्हणून गाडी बंद झाली की तो आकारही बाजारातून जातो.

बाजारात काय मिळतं

ऑपेरा हाऊसच्या सुट्या भागांच्या बाजारात, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि चोरबाजारात मी जुन्या रबरांसाठी फिरलो आहे. तिथे तीन प्रकारचा माल मिळतो. पहिला, ‘फियाट-अँबेसेडर चालेल’ म्हणून विकली जाणारी सरसकट बीडिंग. ती कुठल्याच गाडीला नीट चालत नाही. दुसरा, उभ्या गाड्यांतून काढलेला जुना माल. तिसरा, ज्याची सर्वाधिक किंमत सांगितली जाते तो, कंपनीच्या मूळ पाकिटातला न वापरलेला माल.

या तिसऱ्या प्रकाराचा मोह समजण्यासारखा आहे. लोखंडी भागांच्या बाबतीत तो योग्यही आहे. ग्रीस लावून ठेवलेला गिअर तीस वर्षांनीही नवाच असतो. रबराचं तसं नाही. १८३९ साली चार्ल्स गुडइयरला गंधकासह तापवलेलं रबर टिकाऊ होतं हे सापडलं. गंधक रबराच्या लांब साखळ्यांमध्ये आडवे टाके घालतो, म्हणून ताणलेलं रबर मूळ आकारात परत येतं. पण हवेतला प्राणवायू ही घडण हळूहळू बदलत राहतो. काही टाके तुटतात, काही जास्तीचे पडतात. मऊपणासाठी घातलेली तेलं बाहेर झिरपतात. हे पाकिटातही चालू असतं. पंचवीस वर्षांच्या पाकिटातलं रबर हातात घेऊन वाकवलं की बाहेरच्या वळणावर बारीक चिरा उघडतात.

त्या चिरांचं कारण बहुधा ओझोन. हवेत तो अत्यल्प असतो, पण नैसर्गिक रबराच्या साखळीत जे दुहेरी बंध असतात त्यांवर तो नेमका घाव घालतो, आणि तोही रबर ताणलेल्या स्थितीत असेल तिथेच. म्हणून दरवाजाची बीडिंग सरळ भागात शाबूत दिसते आणि कोपऱ्यात आधी फाटते. १९६०च्या दशकात ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर बाजारात आलं. त्याच्या मुख्य साखळीत दुहेरी बंध नसल्यामुळे ऊन, पाऊस आणि ओझोन यांना ते कितीतरी जास्त काळ तोंड देतं. आज नवी पट्टी करून घ्यायची तर ईपीडीएमचीच घ्यावी. मूळ गाडीत ते नव्हतं असा आक्षेप कुणी घेतला तर तो खरा आहे, आणि मला तो मान्य नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. ईपीडीएमला तेल आणि पेट्रोल चालत नाही, ते फुगतं. पेट्रोलच्या वाटेवर नायट्राइल रबर लागतं. ब्रेकच्या सिलिंडरमधल्या कपांचं उलट आहे: नेहमीच्या ब्रेक ऑइलमध्ये नायट्राइल फुगतं आणि ईपीडीएम टिकतं. ब्रेक ऑइल हे नावापुरतंच ऑइल आहे. त्या टाकीत इंजिन ऑइलचा थोडा अंश गेला तरी सगळे कप फुगून ब्रेक अडकू शकतात. दरवाजाच्या रबरात निवड चुकली तर पाय ओले होतील. इथे जीव जाईल. याच कारणाने दरवाजाची रबरं चमकावी म्हणून डिझेल फिरवण्याची जी पद्धत आहे ती बंद करायला हवी. साबणाचं पाणी पुरतं.

अमेरिकेत सोपं का

जुन्या अमेरिकन ‘मसल कार’ जपणाऱ्यांचं लेखन मी बरंच वाचलं. तिकडे फोर्ड मस्टँगची सगळी रबरं एका खोक्यात, संच म्हणून, घरपोच येतात. याचं कारण संख्या. १९६४च्या एप्रिलमध्ये आलेली मस्टँग पहिल्या बारा महिन्यांत चार लाखांहून अधिक विकली गेली. इतक्या गाड्यांमागे नवी रबरं करणारा स्वतंत्र धंदा उभा राहू शकतो. तरीही तिकडच्या लोकांची एक तक्रार कायम असते: नवं रबर बसवलं की दरवाजा लागत नाही, आपटावा लागतो. आकार मूळचाच असतो, मग अडतं काय?

उत्तर रबराच्या घट्टपणात आहे. दरवाजाचं रबर दोन भागांचं असतं. पत्र्याच्या कडेवर पकड घेणारा भाग भरीव आणि कडक, दाबला जाणारा फुगीर भाग स्पंजाचा. भरीव रबराचा कडकपणा ‘शोअर ए’ नावाच्या शंभरच्या मापावर मोजतात. टायरचा रस्त्याला लागणारा भाग साधारण ६० ते ७० भरतो. स्पंज करताना रबरात फुगवणारं रसायन घालतात आणि ते तापल्यावर ढोकळ्यासारखं जाळीदार होतं. जाळी कमी पडली की रबर जड होतं आणि दरवाजा परत ढकलतं. स्वस्तात केलेल्या मालात हेच होतं. दिसायला तोच आकार, दाबायला दुसरीच वस्तू.

आकार कागदावर उतरवणं

आपल्याकडे संचाचं खोकं येणार नाही, तेव्हा पट्टी करून घेण्याला पर्याय नाही. त्यासाठी रबर काढणाऱ्या कारखान्याला छेदाचा नेमका आकार द्यावा लागतो. मी वापरतो ती रीत साधी आहे. जुन्या रबराचा सगळ्यात कमी दाबला गेलेला भाग शोधायचा. बहुधा तो बिजागरीच्या वरच्या कोपऱ्याच्या आसपास किंवा बीडिंगच्या जोडाच्या शेवटी सापडतो. साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या नव्या ब्लेडने तीनेक मिलिमीटरची चकती एका घावात कापायची. ती शिक्क्याच्या शाईच्या पॅडवर टेकवून आलेखाच्या कागदावर उमटवायची. आकार मिलिमीटरच्या चौकटींवरच उमटतो. मग व्हर्नियरने पाच-सहा ठिकाणी मापं पडताळायची.

लांबी मात्र जुन्या रबरावरून कधीच घेऊ नये. रबर म्हातारं होताना आखडतं. दरवाजाच्या चौकटीच्या कडेने सुतळी फिरवून लांबी घ्यावी आणि त्यात शेकडा एक भर घालावी. रबर बसताना किंचित दाटून बसलं पाहिजे. ताणून बसवलं तर कोपऱ्यात ओझोन आपलं काम सुरू करतो, शिवाय दोन-तीन महिन्यांत जोड उघडतो.

कारखान्यात पोलादाच्या चकतीत आकाराचं भोक पाडतात. तिला डाय म्हणतात. त्यातून कच्चं रबर दाबून बाहेर काढतात आणि मग तापवून पक्कं करतात. इथे एक गंमत आहे. भोक आणि पट्टी यांचा आकार एक नसतो. दाबातून सुटलेलं रबर फुगतं, आणि सगळीकडे सारखं फुगत नाही. भोक चौकोनी पाडलं तर पट्टीच्या बाजू बाहेर येतात. चौकोनी पट्टी हवी असेल तर भोकाच्या बाजू आत दाबलेल्या ठेवाव्या लागतात. किती, ते रबराच्या मिश्रणावर अवलंबून. डाय कापणारा कारागीर हे अनुभवाने ठरवतो, आणि पहिल्या फेरीनंतर कानस घेऊन दुरुस्त करतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यात आणि तळोज्याला असं काम करणारे लहान कारखाने आहेत. अडचण एकच असते: शंभर मीटरच्या आत कुणी यंत्र लावत नाही. माझ्या गाडीच्या चारही दरवाजांना मिळून चौदा मीटर लागलं. म्हणजे सात गाड्यांचे मालक एकत्र आल्याखेरीज एक पट्टी निघत नाही. आम्ही तेच केलं, आणि हे काम एकट्याने करायचं नाही हा त्यातला खरा धडा आहे. बांधाची डागडुजीही गावाने मिळूनच व्हायची.

नमुना हातात आल्यावर मालाची परीक्षा घरी करता येते. दोन सपाट पत्र्यांमध्ये भरीव रबराचा तुकडा शिकंज्यात धरून तीन चतुर्थांश उंचीपर्यंत दाबायचा. ७० अंश सेल्सियसला २२ तास ठेवायचा. मोकळा करून अर्ध्या तासाने मोजायचा. समजा १२ मिलिमीटरचा तुकडा ९ पर्यंत दाबला होता आणि सुटल्यावर तो ११.४ झाला. दाबलेल्या ३ मिलिमीटरपैकी ०.६ परत आले नाहीत. म्हणजे २० टक्के बैठक पडली. हा आकडा जितका कमी तितकं रबर चांगलं. पन्नासच्या वर गेला तर तो माल घेऊ नये. दोन पावसाळ्यांत तो चपटा होईल.

बसवणं आणि तपासणं

पुढची काच बसवताना रबर आधी काचेभोवती चढवतात. रबराला पत्र्यासाठी जी खाच असते तिच्यात मजबूत सुतळी फिरवून दोन्ही टोकं आतल्या बाजूला खाली सोडतात. काच बाहेरून चौकटीवर टेकवली की एकाने बाहेरून तळव्याने थोपटायचं आणि दुसऱ्याने आतून सुतळी ओढत जायचं. सुतळी निघताना रबराचा ओठ पत्र्यावर उलटवत नेते. साबणाचं पाणी भरपूर लावायचं. काचेची जाडी मूळ काचेइतकीच आहे ना, हे आधी मोजावं. नवी काच मिलिमीटरभर जाड असली तरी रबराचा ओठ पत्र्यापासून उचलला जातो आणि दोष रबराला लागतो.

फट राहिली तर सिलिकॉन भरण्याची घाई करू नये. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो ते सुकताना आम्ल सोडतं आणि उघड्या पत्र्याला गंज चढवतं. पाणी बंद होतं आणि रबराखाली चौकट सडत राहते. असं काम वरून चांगलं दिसतं म्हणूनच जास्त घातक आहे.

तपासणीच्या तीन पायऱ्या. पहिली, कागदाची. कागदाची पट्टी दरवाजात धरून दरवाजा लावायचा आणि ओढायची. चारी बाजूंनी सारख्या जोराने निघाली पाहिजे. सैल निघते तिथे फट, फाटते तिथे जादा दाब. बऱ्याचदा दोष रबरात नसून बिजागरी किंवा कुलुपाच्या खुंटीत असतो, आणि ती सरकवता येते.

दुसरी पायरी मी जासईतच शिकलो. कंटेनरच्या दारांनाही ओठवाली रबरं असतात, आणि मालात पाणी गेलं तर नुकसान मोठं असतं. दुरुस्तीनंतर आवारातला माणूस आत जातो, बाहेरून दारं लावली जातात आणि तो अंधारात उभा राहून कुठून उजेड येतो का ते बघतो. उजेड आला की पाणी येणार. गाडीत हेच उलट करता येतं. रात्री आत दिवा ठेवून काचा काळ्या कापडाने झाकायच्या आणि बाहेरून चौकटी न्याहाळायच्या.

तिसरी, पाण्याची. नळी आधी खालच्या कडेला धरायची आणि हळूहळू वर जायचं, एकाने आत बसून बघायचं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही.

काय जपायचं

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंद मिळू लागली. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, चेसिस, शरीर किंवा इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा. पहिल्या पद्मिनी गाड्या २०२४ पासून या वयात येऊ लागल्या आहेत. पत्रा मूळ हवा, इंजिन मूळ हवं. रबराचा उल्लेख नियमात नाही, आणि ते बरोबरच आहे. मूळ पत्रा मूळ राहावा म्हणूनच रबर दर वीसेक वर्षांनी नवं व्हायला हवं.

म्हणजे रबराच्या बाबतीत जपण्यासारखी वस्तू रबर नाही, त्याचा छेद आहे. तो कागदावर असेल, डाय कुणाकडे आहे हे ठाऊक असेल, मिश्रण कोणतं आणि कडकपणा किती याची नोंद असेल, तर गाडी पुढच्या पिढीला चालवता येईल. आमच्या भागातल्या उघाड्या गेल्या. त्यांचं लाकूड कुजणारच होतं, ते दर काही वर्षांनी बदललंच जात होतं. पण झडपेचा उतार किती ठेवायचा आणि मोरी कुठल्या पातळीला घ्यायची हे कुणी लिहून ठेवलं नाही. जमिनी गेल्या आणि ते सांगणारी माणसंही एकेक करून गेली. ते नुकसान आता भरून निघण्यासारखं नाही. मोटारीचं अजून निघू शकतं.

नऊपैकी सहा छेद माझ्याकडे आलेखाच्या कागदावर मापांसह तयार आहेत. दरवाजा आणि डिकीच्या डाय कारखान्यात नाव घालून ठेवलेल्या आहेत. त्यातून कुणीही पट्टी काढून घ्यावी. राहिलेल्या तिनांत तिकोनी काचेचं रबर सर्वांत निकडीचं आहे, कारण त्याचा न दाबलेला तुकडा मला अजून मिळालेला नाही. वाचकांपैकी कुणाच्या अंगणात किंवा गॅरेजात जुनी फियाट उभी असेल, तर ती भंगारवाल्याला देण्याआधी एवढं करावं: प्रत्येक रबराचा इंचभर तुकडा कापून, तो कुठला ते चिठ्ठीवर लिहून, कागदाच्या पाकिटात ठेवावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नये, चिकटतो. आणि उन्हापासून दूर ठेवावा.